भट्टीमागची जागा

"उचलू नको ती," सोजरबाई म्हणाली. "ईट हाय म्हणून जागा हाय."

मी वीट होती तिथं परत ठेवली. डिसेंबरातली सकाळ, साडेसातचा सुमार. बेकरीमागच्या बोळात मी टेकायला काहीतरी शोधत होते आणि भिंतीलगत पडलेली ती वीट मला बरी वाटली होती. सोजरबाई त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती आणि दातवणासाठी कडुलिंबाच्या काड्या विळ्यानं सारख्या करत होती. साठीची बाई, अंगात मांस म्हणून नाही, पण आवाज असा की बोळाच्या त्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसावं.

मी तेव्हा नगरपालिकेत समूह संघटक होते. नाव मोठं, लक्षण खोटं. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी बसायचं, मग परत अकरा महिने, तेही साहेबांच्या मनात असलं तर. त्या वर्षी थंडीनं कहर केला होता. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी निवारा सुरू करा, असा वरून आदेश आला. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या आमच्या चार नंबरच्या शाळेत आम्ही तीस खाटा टाकल्या, ब्लँकेटं आणली, दारावर पाटी लावली. आठ दिवसांत एक माणूस फिरकला नाही. आणि शुक्रवारी जिल्ह्याहून तपासणी यायची होती.

"ढगे मॅडम," आमचे पाथ्रीकर साहेब म्हणाले होते, "खाटा रिकाम्या दिसल्या तर तुमच्या कराराच्या कागदावर मी काय शेरा मारू, तुम्हीच सांगा."

मी स्टँड पालथं घातलं, जुना जकात नाका पालथा घातला, देवळाच्या पायऱ्या झाल्या. सगळीकडं एकच उत्तर: सोजराक्का आली तर येतो. म्हणून मी त्या बोळात.

"जाग्याला असं काय सोनं लागलंय?" मी विचारलं.

"भिंतीला हात लाव."

लावला. भिंत कोमट होती. पलीकडं भट्टी.

"रातभर अशीच ऱ्हाती," ती म्हणाली. "आन् आत भट्टीवाले रातभर जागे. पाव भाजत्यात, गाणी लावत्यात. बाईमानसाला आनखी काय पाहिजे? कुनी जवळ आलं तर नुस्तं भिंतीवर हात मारायचा. झारा घेऊन भाईर येत्यात. अकरा वर्सं झाली, एकडाव बी मारावा लागला न्हाई."

"आणि वीट कशाला?"

सोजरबाईनं मला मूर्खात काढणारा एक कटाक्ष टाकला. मग समजावून सांगितलं. उघड्यावर झोपणाऱ्यांतही जागा ज्याची त्याची असते. माणूस दिवसा कामाला गेला तर जागेवर वीट ठेवून जातो, ती कुणी हलवत नाही. तीन रात्री तो आला नाही तर जागा मोकळी झाली असं धरतात. आणि कुणी कायमचं चाललं तर त्यानं वीट आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग जागा त्याची.

"आणि परत लागली तर?"

"हातानं दिली ती दिली. दिल्यालं मागून घेतलं तर मानूस कुत्र्याच्या जल्माला जातंय." ती काड्या मोजून जुडी बांधायला लागली. "तर तुझ्या शाळेचं सांग. कितीक दिसाचं हाय?"

आदेश माझ्या पर्समध्ये होता. पंधरा डिसेंबर ते पंधरा मार्च. नव्वद दिवस, त्यापुढं खर्च मंजूर नाही. मला तो तोंडपाठ होता.

"कायमचंच आहे," मी म्हणाले.

"कायमचं?"

"सरकारचं आहे ना."

"सरकारचं हाय म्हणूनच इचारते." ती माझ्याकडं बघत राहिली. "लेकराची आन घे."

"मला लेकरू नाही."

"नवऱ्याची?"

"लग्न नाही केलं."

"मंग तुला हाय तरी काय?"

"नोकरी आहे."

"मंग नोकरीची घे."

गळ्यात ओळखपत्र होतं. मी त्याच्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. घेताना मला हसू आलं, हे खरंय. ती हसली नाही. मग तिनं हाक मारली, "रज्जाक!"

बोळाच्या तोंडाशी, गटारीच्या कडेला झोपणारा चाकूला धार लावणारा रज्जाकभाई ब्लँकेटातून डोकं काढून उठला. त्याला खोकला होता, असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. सोजरबाईनं वीट उचलली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"मौसी, काय करताय?" तो म्हणाला. "चार दिवस जाऊन तर बघा आधी."

"घे म्हन्ते ना. तुझी छाती फुटायची हाय गारठ्यात. मला आता पक्कं घर हाय."

संध्याकाळपर्यंत शाळेत चौतीस माणसं आली. चार जणांना जमिनीवर गादी टाकून दिली. शुक्रवारी तपासणी झाली, फोटो निघाले, साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. करार टिकला.

मी वाईट काम केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट, तिथं जाऊन बघितलं की बरंच वाटायचं. चौथीचा वर्ग बायकांना दिला होता. सात बायका. दाराला आतून कडी होती. सोजरबाई पहिले तीन दिवस नुसती झोपली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "पाय लांब करून झोपले बघ. माझे पाय एवढे लांब हायेत हेच इसरले होते." मग तिनं वर्ग ताब्यात घेतला. कुणी कुठं झोपायचं, बादली कुणी भरायची, रात्री कडी कुणी लावायची. कडी तीच लावायची. लावली की दोनदा ओढून बघायची. तिला बघून बाकीच्या हसायच्या, आणि ती म्हणायची, "हसा, हसा. अकरा वर्सानं दार मिळालंय मला."

फेब्रुवारीत मी साहेबांना म्हणाले, "मुदत वाढवायला पत्र पाठवू या का?"

"थंडी आहे का आता?"

"नाही."

"मग?"

मी पत्राचा विषय परत काढला नाही. आणि सोजरबाईलाही काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता मार्च उजाडला. चौदा तारखेला दुपारी गेले. सगळे व्हरांड्यात बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, उद्या दहा वाजता शाळेला कुलूप लागेल, ब्लँकेटं जमा करा.

आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. झाला नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सकाळचा चहा मिळंल का उद्या?" मी हो म्हणाले. बाकीचे सगळे सोजरबाईकडं बघायला लागले. तिच्या शब्दावर उठून आले होते ते. ती भिंतीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं ब्लँकेट घडी घालून माझ्या हातात दिलं. घडी इस्त्रीवाल्यानं घालावी तशी.

"नोकरी ऱ्हायली ना तुझी?" तिनं विचारलं.

"राहिली."

"मंग बरं," ती म्हणाली आणि गाठोडं उचलून फाटकाबाहेर गेली.

टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. पण ती टोमणा मारत नव्हती. तिला वाटलं होतं शपथ मोडली म्हणजे नोकरी गेली असणार, आणि ती खरंच विचारत होती.

त्यानंतर दोन महिने मी बेकरीच्या बोळाकडं गेले नाही. पाव दुसरीकडून घ्यायचे.

मे महिन्यात नवं पत्र आलं. ज्या गावात किमान पन्नास बेघर माणसांची नोंद होईल तिथं कायमचा निवारा मिळणार. बारमाही. पक्की इमारत, बायकांची वेगळी खोली, कामाला माणसं. फक्त नाव, वय, झोपण्याची जागा आणि अंगठा, अशी पन्नास नावं हवीत. मी ते पत्र तीनदा वाचलं. खोट काढायचा प्रयत्न केला, सापडली नाही. या वेळी खरं होतं.

सकाळी सहाला, लोक उठून पांगायच्या आत, मी फॉर्मांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड घेऊन निघाले. पाच दिवस फिरले. स्टँडवर फलाटावर चादर गुंडाळणारा माणूस म्हणाला, "मी? मी इथं कुठं राहतो? गाडी चुकली म्हणून थांबलो." शाळेत तीन महिने जेवलेला माणूस, मी त्याला नावानं ओळखते. देवळापाशी दोन बायका म्हणाल्या, "आम्ही पाहुण्या आहोत." जकात नाक्यावरचा म्हातारा, चहा मिळेल का विचारणारा, मला बघून उठला आणि लंगडत निघून गेला. ओरडून सांगितलं, पत्र दाखवलं, हात जोडले. एकही अंगठा नाही.

शेवटी बोळात गेले. रज्जाकभाई भिंतीजवळ बसून सायकलच्या चाकावर कात्रीला धार लावत होता.

"मेरा तो गाव में घर है, मॅडम," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला.

"बरं. सोजरबाई कुठं आहेत?"

त्यानं चाक थांबवलं. "मी म्हटलं मौसीला, ही घ्या तुमची वीट. नाही घेतली. म्हटलं अर्धी भिंत तुमची, मी तोंड फिरवून झोपतो. नाही मानली. म्हणली, दिलेलं दिलं." तो खोकला. "बाजाराच्या ओट्यांवर असते. मी दोनदा रात्री जाऊन बसलो तिच्यासाठी, तर मला हाकलून दिलं. म्हणली, तीन रात्री गैरहजर राहिलास तर तुझी जागा जाईल."

आठवडी बाजाराचे ओटे गावाबाहेर, दारूच्या दुकानामागं. बाजार मंगळवारी भरतो, बाकी सहा दिवस तिथं काळं कुत्रं नसतं. रात्री जे असतात ते नसलेले बरे. मी पोचले तेव्हा नऊ वाजले होते, ऊन तापलं होतं. सोजरबाई भर उन्हात ओट्यावर झोपली होती. डाव्या मनगटाला चिंधी बांधलेली, मळून काळी झालेली. उजवा हात पदराखाली. मी हाक मारली तशी ती दचकून उठली आणि पदराखालून विळा बाहेर आला.

"मी आहे," मी म्हणाले.

"हां. तू हायेस व्हय." विळा परत आत गेला.

"हाताला काय झालं?"

"पडले."

"दिवसा झोपता?"

"रातीला जागते, दिसा झोपते. भट्टीवाल्यावानी." ती थोडी हसली. समोरचा एक दात नव्हता. मार्चमध्ये होता.

मी कुणावर काय ओढवलं हे विचारणारी बाई नाही. फॉर्मवर तसा रकानाही नसतो. पण त्या वेळी मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले. मग सांगायला लागले. पत्र काढून वाचून दाखवलं. पन्नास नावं, बारमाही, पक्कं. म्हणाले, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. मला माहीत होतं तीन महिन्यांचंच आहे. या वेळी खरंय."

"ठावं होतं तुला?"

"हो."

ती बराच वेळ विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं, आता शिवी येणार. यायलाच हवी होती.

"बायांची खोली येगळी?" तिनं विचारलं.

"वेगळी."

"आतून कडी?"

"असणार."

"असनार म्हनू नगं. हाय का न्हाई?"

"आहे. पत्रातच लिहिलंय, सुरक्षित खोली."

"मंग लिही माझं नाव."

मी फॉर्म भरला. सोजर किसन वाघ. वय, तिला माहीत नव्हतं, बासष्ट टाकलं. झोपण्याची जागा, बाजार ओटे. तिनं अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर असा ठेवला की जणू उठूच नये. मग मला म्हणाली, "नीट उठला का बघ."

"नीट उठलाय. आता बाकीच्यांना सांगाल ना? तुम्ही सांगितलंत तर सगळे देतील. पन्नास व्हायला हवेत, नाहीतर काही उपयोग नाही."

"न्हाई."

"सोजरबाई, तुमच्या एकटीच्या नावानं..."

"मागल्या खेपेला माझ्या शब्दावर चौतीस मानसं उठली. चौतीस जागा गेल्या. येक जन तर रेल्वेखाली गेला, तुला ठावं बी नसंल. आता मी दुसऱ्याचं सांगनार न्हाई. माझं मी सांगू शकते, ते सांगितलं." तिनं शाईचं बोट पदराला पुसलं. "तू इचार त्यांना. खरं हाय म्हन्तीस, तर देतील."

मी आणखी चार दिवस विचारलं. कुणी दिलं नाही.

शेवटच्या तारखेला गठ्ठा घेऊन पाथ्रीकर साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी तो एक भरलेला फॉर्म उलटसुलट बघितला.

"एकच?"

"एकच, साहेब."

"पन्नास लागतात."

"माहीत आहे. पण एकाला तरी कुठं ठेवता येईल का? महिलाश्रम, दवाखाना, काहीतरी. बाईची अवस्था वाईट आहे."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "ढगे मॅडम, विचार करा. एक नाव पाठवलं तर वरून विचारणा येईल, त्या एकीचं काय केलंत? उत्तर आहे का आपल्याकडं? निरंक पाठवलं तर कोण विचारतंय? उलट गाव चांगलं दिसेल."

"अंगठा घेतलाय, साहेब."

"फॉर्म नवीन घ्या."

जूनच्या तीसला माझा करार संपत होता. साहेबांनी ते काढलं नाही, मीही काढलं नाही. दोघांनाही तारीख पाठ होती. मी नवा फॉर्म घेतला. शहरातील बेघर व्यक्तींची एकूण संख्या, समोर लिहिलं, निरंक. सर्वेक्षण करणाऱ्याची सही, तिथं सही केली. अंगठ्याचा फॉर्म चार तुकडे करून टोपलीत टाकला. चहा आला. त्यात साखर जास्त होती, तरी प्यायले.

पुढच्या मंगळवारी सोजरबाई ऑफिसात आली. बाजारात दातवणं विकून तशीच आली होती.

"झालं का आपलं?" तिनं विचारलं.

"वर गेलंय," मी म्हणाले.

"यील मंग." तिनं काड्यांची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवली. "घरी ने."

त्याच्या पुढच्या मंगळवारी परत आली. त्याच्याही पुढच्या. दर वेळी एक जुडी, दर वेळी तेवढंच विचारणं. शिपाई तिला ओळखायला लागला, स्टूल द्यायचा. मी दर वेळी सांगायचे, वर गेलंय. एकदा ती म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई बरं माझा. खरं बोललीस तवाच गेला." मी मान हलवली आणि संगणकाकडं बघत बसले. त्या काड्यांनी मी घरी दात घासायचे. चांगल्या असायच्या, कोवळ्या. माझी बहीण म्हणते, तुला मेलीला काही वाटतच नाही. खरं असेल. मी आतून बधिर झाले होते, आणि बधिर असलं की दिवस बरे जातात, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

अकरा मंगळवार आली. बाराव्या मंगळवारी आली नाही. शिपायानं स्टूल काढून ठेवलं होतं. तेराव्यालाही आली नाही. चौदाव्याला रज्जाकभाई ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, आत यायला बिचकत.

"मौसी ओट्यावर नाही," तो म्हणाला. "वीस दिवस झाले. स्टँडवर नाही, दवाखान्यात नाही. पोलिसांकडं गेलो तर म्हणतात, तू कोण लागतोस तिचा? म्हणतात, नगरपालिकेचा कागद आणा. त्यांच्याकडं सगळ्या बेघरांची यादी असते, त्यात नाव असलं तर तक्रार घेतो. मॅडम, मौसीनं अंगठा दिला होता ना तुम्हाला? मला सांगितलं होतं तिनं. तेवढा कागद द्या."

मी उठून कपाटाकडं गेले. कपाट उघडलं. त्या वर्षीच्या फायलीत एकच कागद होता. त्यावर लिहिलं होतं की आमच्या गावात उघड्यावर झोपणारं कुणीही नाही, आणि खाली माझी सही होती. मी फाईल बंद केली.

"तिचं नाव नाही इथं," मी म्हणाले.